स्वरूपाच्या मापाची

किटलीचं बटण खट् करून वर आलं. गार्डा, म्हणजे इथली, आयर्लंडची पोलीसबाई, टेबलाशी बसून माझा अर्ज वाचत होती. माझ्याहून लहानच असेल. शेजारची ब्रेडा तिच्या समोर बसून माझ्या पाच वर्षांच्या मुक्ताच्या टोस्टला लोणी लावत होती. मी चहा करायला उठले. हातांना काहीतरी काम हवं होतं.

अर्ज बंदुकीचा होता. माझ्या नवऱ्याची, विशालची, एक आहेच, रीतसर परवान्याची. त्याच्या प्लँटमधले लोक रविवारी मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरायला जातात, त्या क्लबचा तो मेंबर आहे. ही दुसरी माझ्या नावावर यायची होती. 'कारण' या रकान्यात मीही लिहिलं होतं, तबकड्यांची नेमबाजी. ते खोटं होतं.

धाकटा अद्वय झोपलाय तेवढ्यात हे लिहून काढते आहे, तेव्हा खरं तेच लिहिते. सहा महिन्यांपूर्वी डब्लिनला, ब्युमॉन्टमध्ये, माझ्या दिराच्या ऑफिसातल्या एका भारतीयाला बसस्टॉपवर मारलं. "गो होम" म्हणत मारलं. त्या आठवड्यात आमचं ठरलं, की काही झालंच तर दीर संकेत आणि जाऊ स्वरूपा यांनी सगळं सोडून इकडे मलिंगारला यायचं. त्या दोघांची तयारी म्हणाल तर शून्य. घरात धड टॉर्चसुद्धा नाही. मग विशाल म्हणाला, त्यांच्यासाठी एक जादा ठेवू या. इथे स्वतःच्या रक्षणासाठी म्हणून बंदूक मागता येत नाही, आणि एकाच्या परवान्यावरची दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते. दोन्ही गोष्टी आम्हाला पक्क्या ठाऊक होत्या.

जास्त लाज याची वाटते, की ती निवडताना मला मजा आली. दुकानात मी एकेक बंदूक खांद्याला लावून बघत होते. पुण्याला गेल्यावर जावेसाठी कुर्ता घ्यायचा, तर आधी स्वतःच्या अंगाला लावून बघतो ना, अगदी तसं. स्वरूपा माझ्याहून बोटभर बुटकी, मनगटं नाजूक, म्हणून वीस बोअरची, म्हणजे बारीक नळीची, हलकी घ्यायची. दुकानदाराने विचारलं, तुमच्यासाठीच ना? मी हो म्हणाले.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर स्वरूपा हसून हसून लोटपोट.

"ताई, शिवायला टाकलीत का? एक बोट माया ठेवा हं आत, माझं वजन वाढतंय."

"रंग सांग, फिकट लाकूड की गडद?"

"मॅचिंग काहीही चालेल. आणि सासूबाई आलेल्या असल्या तर त्यांना कुठली?"

"आईला कशाला?" मागून संकेत म्हणाला. "तिची जीभ बास आहे."

सगळे हसलो. मुक्ता माझ्या मांडीवर होती. ती मराठीत बोलत नाही, पण समजतं सगळं.

फोन ठेवल्यावर विशालने सहज विचारलं, "आणि ब्रेडाचं काय? एकटी असते म्हातारी."

मी म्हणाले, "तिचं काय? ती गोरी. त्यांच्यातलीच."

असं म्हणाले मी. अद्वयच्या वेळी पंधरा दिवस जिने मुक्ताला शाळेत नेलं-आणलं, तिच्याबद्दल. आणि दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन तिच्याच दारात गेले, कारण ओळखीच्या दोन माणसांची नावं लागतात. तिने चष्मा शोधला, वाचलंही नाही, "ग्रँड, ग्रँड", म्हणजे ठीक आहे, असं म्हणत सही केली.

तर त्या दुपारी गार्डाने अर्ज खाली ठेवला, बंदुका ठेवायचं पोलादी कपाट हलवून बघितलं, कुलूप बघितलं. मग विचारलं, "म्हणजे ही फक्त तबकड्यांसाठी?"

"हो," मी म्हणाले.

"नो," मुक्ता म्हणाली. तोंडात टोस्ट. "दॅट वन्स फॉर स्वरूपा काकू. फॉर व्हेन द बॅड पीपल कम."

गार्डा माझ्याकडे बघत राहिली. मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

ब्रेडा मोठ्याने हसली. "अगं, हिचं काय ऐकतेस! दिवसभर गोष्टी रचत असते. कालच मला म्हणाली, तुझ्या कोंबड्या ड्रॅगन आहेत."

गार्डाही हसली, थोडीशी. कपाट ठीक आहे, बाकीचं सुपरिंटेंडेंट ठरवतील, असं सांगून गेली.

ब्रेडा उठून कप विसळायला लागली. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "कोण येणार आहे, सुमेधा?"

मी सगळं सांगितलं. बसस्टॉप, संकेत, स्वरूपा, दुकान. फक्त 'त्यांच्यातलीच' हे माझं वाक्य नाही सांगितलं.

तिने कप पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "त्या कागदावर माझं नाव आहे," ती म्हणाली. आणि मग, "माझं मागचं दार उघडंच असतं. तुला माहीत आहे. तुझ्या जावेला तिथे आणायचं तुझ्या मनातही आलं नाही?"

रोज जाताना ती मुक्ताच्या केसांवरून हात फिरवते. तसा फिरवला. माझ्याकडे न बघता गेली.

मी विशालला फोन लावला. "अर्ज मागे घेते आहे."

"का? गार्डा काही बोलली?"

"नाही."

"मग? अगं, संकेतचं काय?"

"संकेत येऊ दे. जागा आहे, गाद्या आहेत. ती बंदूक नको."

"वेड लागलंय का तुला? इतके शनिवार बंदूक चालवायच्या ट्रेनिंगला गेलीस."

"संध्याकाळी बोलू," म्हणून मी फोन ठेवला. ब्रेडाकडे जाऊन सगळंच सांगायला हवं होतं, ते वाक्यसुद्धा. पायात चपला सरकवल्या, आणि तशीच स्वयंपाकघरात उभी राहिले.

मुक्ता खुर्चीवरून उतरून माझ्यापाशी आली. भुवया एकत्र आलेल्या. रागावली की अगदी विशालसारखी दिसते. मी तिच्या हनुवटीवरचं लोणी पुसलं.

"आई," ती म्हणाली, "आय नेव्हर सेड ड्रॅगन्स. मी नाही म्हणाले."

या घरात तिने आपणहून बोललेलं ते पहिलं मराठी वाक्य असेल.

"हो गं राणी, माहीत आहे मला."

"देन व्हाय डिड ब्रेडा टेल अ लाय फॉर अस?"