दोघींचं मिळून वय

सरहद्दीजवळच्या डोंगरातल्या आमच्या कानीसेव गावात बऱ्याच बायकांना दोन वयं असतात, एक अंगाचं आणि एक कागदाचं. मूल दगावलं तरी त्याचा जन्मदाखला रद्द करायला कोणी शहरात जात नसे, अख्खा दिवस मोडायचा. मागून झालेल्या मुलाला तोच दाखला चालवायचे. मी फौजिये, गावच्या आरोग्यघराची सेविका. वीस वर्षं या दोन वयांशी झटापट करून माझी जीभ तिखट झाली आहे. गावातले लोक म्हणतात, ती आधीपासूनच होती.

शिलान आमच्या वरच्या आळीतली. कलाश विणते, म्हणजे आमचे पांढरे सुती जोडे. तिच्या हातचा जोडा पायात असला की नवरदेव पाऊल जपून टाकतो. तिचा नवरा रऊफ पाठीवर ओझी घेऊन चोरवाटेने सरहद्द ओलांडतो आणि परत येईपर्यंत घरात कोणाला घास गोड लागत नाही. अंगाने शिलान सदतीस वर्षांची. कागदावर मात्र तिचं नाव परीजाद आणि वय त्रेचाळीस. परीजाद तिची थोरली बहीण. शिलानच्या जन्माआधीच, चार वर्षांची असताना, गोवराने गेली.

नवरोज, म्हणजे आमचं वसंतातलं नवं वर्ष, उलटून आठवडा झाला असेल. शिलान आरोग्यघरात आली, तिने दार लोटलं आणि म्हणाली, "फौजीताई, हात लावून बघ जरा."

डाव्या छातीत खालच्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ होती. दाबली तर हलत नव्हती.

"कधीपासून आहे ही?"

"अक्रोड झोडपले ना, तेव्हापासून."

"सहा महिने? आणि आत्ता उगवतेस?"

"विणायला बसलं की विसरायला होतं गं," ती म्हणाली, आणि हसली. मला हसू आलं नाही. माझी मावशी अशाच गाठीने गेली, तीही हसतच होती.

योग असा, की त्याच आठवड्यात वरून यादी आली होती. गावातल्या चाळिशीपुढच्या बारा बायकांचा मरीवान शहरातल्या दवाखान्यात गाठ शोधायला छातीचा फोटो काढणार, फुकट. काही निघालंच तर पुढचे उपचारही सरकारी. चाळिशीच्या आतल्यांनी आपलं आपण पाहायचं. आपलं आपण म्हणजे आधी मोठ्या शहरातला खासगी डॉक्टर, मग फोटो, मग पुन्हा डॉक्टर. रऊफच्या घरात ते झालं असतं तेव्हा झालं असतं. पण यादीत सातवं नाव होतं परीजादचं. मी तिच्यापुढे कागद नाचवला.

तिने मान हलवली. "ही मी नव्हे."

"मग कोण? मी?"

"ही माझी ताई. शाळेत मी तिच्या नावाने बसले. लग्नात मुल्लाने तिचं नाव घेतलं, मी आपली मान डोलावली. तिचा फ्रॉक, तिचं अंथरूण, सगळं मीच वापरलं. आता तिचा नंबरही खाऊ? तिथे वय विचारतील. मी खोटं बोलणार नाही."

"मेलेल्या माणसाला गाठ होत नाही, शिलान."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि डोक्यावरचा रुमाल सारखा करून निघून गेली.

मी जळफळले. दुसरी एखादी असती तर दुप्पट खोटं बोलून वर माझ्याकडून चहा उकळला असता. पण खरं सांगते, त्या रागातही मला तिचा अभिमान वाटला. जिच्याकडे कागदावर स्वतःचं नावही नाही, ती बाई चार वर्षांच्या पोरीचा हक्क राखत बसली होती.

मी तिच्या आईकडे गेले. गलावेजमावशी गच्चीवर लोकर झटकत होती. मी सगळं सांगितलं. तिने लोकर खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "गाडी किती वाजता?"

"सहाला."

"मी येते. तिलाही आणते."

मावशीने काय सांगितलं कोण जाणे, पण ठरल्या दिवशी मिनीबसमध्ये दोघी बसलेल्या होत्या. मावशीने ठेवणीतला पोशाख घातला होता.

दवाखान्यात आमचा बाक भिंतीला लागून होता. काचेपलीकडे पैसे भरून आलेल्यांची खोली. तिथे शिलानच्याच वयाची एक बाई गादीच्या खुर्चीत बसून फोन बघत होती. दर वर्षी येते, असं नर्सशी बोलताना म्हणत होती.

"तिला वय विचारत नाहीत?" शिलानने हळूच विचारलं.

"तिथे वय लागत नाही," मी म्हणाले. माझं डोकंच फिरलं होतं. त्या बाईवर माझा राग नव्हता, ती शहाणीच. पण आम्हाला दोन-दोन वयं असून एकही पुरत नाही, याला काय म्हणायचं?

नोंदणीच्या खिडकीतली मुलगी ओरडली, "परीजाद!"

शिलान उठून खिडकीशी गेली.

"वय?"

"सदतीस."

मी कपाळावर हात मारला. मुलीने यादी पाहिली. "इथे त्रेचाळीस लिहिलंय. सदतीस असेल तर या यादीत बसत नाही. त्रेचाळीस कोण आहे?"

मागची बाई पुढे सरकायला लागली. तेवढ्यात गलावेजमावशी काठी टेकत उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"त्रेचाळीस माझी थोरली," ती म्हणाली. आवाज अजिबात कापला नाही. "ती पुढे गेली. जाताना हिच्यासाठी नंबर लावून ठेवलाय तिने. घ्या हिला आत."

शिलानने आईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मावशीने त्या पोरीचा विषय कधी तोंडातून काढला नव्हता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. शिलानचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवून काय करू?

खिडकीतली मुलगी आमच्याच मुलखातली. तिने पेन दोनदा टेबलावर आपटलं. "आमच्या आजीचा दाखला तिच्या भावाचा होता," ती पुटपुटली. "सरकारी कागदावर जन्मभर पुरुष होती बिचारी." मग तिने त्रेचाळीस लिहिलं आणि शिक्का मारला.

गाठ वाईटच निघाली, पण तिने अजून हातपाय पसरले नव्हते. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि आले. त्या दिवसांतही शिलान उशाला सूत घेऊन बसायची. त्या आजारपणातला तिचा पहिला जोडा तयार झाला तो माझ्या तळहातावर मावेल एवढा. चार वर्षांच्या पायाचा. तो कोणासाठी, हे मी विचारलं नाही. शुक्रवारी मावशी आणि ती कब्रस्तानाकडे जाताना मला दिसल्या.

वर्षभराने तपासणीला मीच तिला घेऊन गेले. खिडकीत तीच मुलगी होती.

"वय?"

"दोघींचं मिळून ब्याऐंशी," शिलान म्हणाली. "त्यातलं तुला हवं तेवढं लिही."