काशी असेल तर थांब

दुपारी कोड वाचता वाचता तेजलला डुलकी लागायची आणि ती कुणाला कळायची नाही, कारण तिचे डोळे उघडेच असायचे. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात खाली ब्लाउजपीसचं होलसेल दुकान आणि वर हरेशभाईंची सॉफ्टवेअर कंपनी, अशी ती इमारत. समोरच्या गाळ्यांत शिलाई मशिनी चालायच्या. त्यांची घरघर, खिडकीतून येणारा कोऱ्या कापडाचा वास आणि पंख्याचा संथ वारा यांत स्क्रीनवरच्या ओळी हळूहळू हलायला लागायच्या. तेजल त्यांच्यामागून जात राहायची. ही ओळ त्या ओळीला बोलवायची, ती आणखी कुणाला तरी, आणि भलत्याच ठिकाणी येऊन पोहोचल्यासारखं वाटून ती भानावर यायची.

कंपनीचा मुख्य प्रोग्रॅम एकच होता. अंबरनाथ एमआयडीसीतले छोटे कारखाने तो वापरायचे. माल कुठला, वजन किती, पोत्यावर लेबल कुठलं, हे सगळं तो सांभाळायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी धर्मराज नावाच्या माणसाने तो एकट्याने लिहिला, आणि काही वर्षांनी नोकरी सोडून तो आपल्या गावी, बदलापूरच्या बाजूला निघून गेला. तो जाण्याआधी आणि नंतरही एकेका गिऱ्हाईकाने एकेक मागणी केली, आणि प्रत्येक वेळी 'सध्या एवढं करून टाकू' म्हणत काहीतरी जोडलं गेलं. सध्यापुरतं जोडलेलं ते तिथेच मुरलं. आता इकडे हात लावला की तिकडे काय बंद पडेल, याचा नेम नव्हता.

हरेशभाईंना तोच प्रोग्रॅम मोबाईलवर हवा होता. तेजल म्हणाली, "आणू. पण आधी आतलं आवरायला लागेल."

"चल रहा है ना, बेटा? चालू गाडीचं बोनेट कशाला उघडायचं?"

"मागच्या महिन्यात बिलावरची अक्षरं मोठी केली, तर वजन छापायचं बंद झालं. आठवतंय? आता हेच मोबाईलवर चढवलं तर रोज तसंच होणार. याला टेक्निकल डेट म्हणतात, हरेशभाई, म्हणजे कर्जच. घाईत अर्धवट सोडलेलं काम पुढे आपल्याचकडून वसूल होतं."

हरेशभाई सिंधी व्यापाऱ्याच्या घरातले. वसुली हा शब्द कानावर पडताच ते खुर्चीत सरळ झाले. थोडा वेळ पेपरवेट फिरवत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. दिवाळीपर्यंत नवीन काम घेत नाही. पण बंद नाही पडलं पाहिजे, साईं. एक दिन भी नहीं."

तेजलने काम सुरू केलं. एखाद्या भागाला हात लावण्याआधी ती त्याच्यासाठी एक छोटी चाचणी लिहायची, म्हणजे नंतर काही मोडलं तर चाचणी ओरडून सांगेल. मग तो भाग स्वच्छ करायचा, आणि पुन्हा चाचणी. पावसाळा ओसरत होता. सकाळी बदलापूरहून निघताना नदीच्या बाजूला धुकं पसरलेलं असायचं आणि संध्याकाळी परतताना तिच्या डोक्यात. पण ते धुकं तिला आवडायला लागलं होतं. कधी काळी कुणीतरी विचार करून लिहिलेल्या गोष्टीतून आपण हिंडतोय, लिहिणारा कुठे घाईत होता, कुठे कंटाळला होता, कुठे चांगला झोपून आला होता, हे ओळखू येतंय, असं तिला वाटायचं.

अशाच एका दुपारी तिला ती ओळ सापडली. वजनकाट्याच्या भागात, अगदी मध्यावर. साध्या मराठीत सांगायचं तर तिचा अर्थ होता: काट्यावर काशी असेल तर थांब.

तेजल ओळीकडे बघत राहिली. काट्यावर पोतं ठेवलं की स्क्रीनवर रंगांची नावं यायची. त्यातलं एक निवडायचं, की लेबल छापून बाहेर. थोड्या वेळात कुणी बोट लावलं नाही, तर मागच्याच पोत्याचा रंग धरून लेबल आपोआप छापलं जायचं. हे सगळ्यांसाठी. फक्त काशी नावाने कुणी काम सुरू केलं, तर मशीन गप्प वाट बघत राहायचं. ते का, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"हरेशभाई, ही काशी कोण?"

"काशी? बनारस?" हरेशभाई फोनवर होते. "कोई पुराना टेस्टिंग का नाम होगा. काढून टाक."

तेजलने लगेच काढलं नाही. दोन-तीन दुपारी ती काशी तिच्या अर्धवट झोपेत येत राहिली. कधी ती एखादं गाव असायची, जिथे सगळं थांबलेलं आहे, रस्त्यातल्या रिक्षासुद्धा. कधी बाई असायची, पाठमोरी, दाराशी उभी. तिने वळावं म्हणून तेजल वाट बघायची आणि तेवढ्यात खालून दुकानदाराची कुणाला तरी मारलेली हाक ऐकू यायची.

शेवटी तिने चाचणी लिहिली. काशी असताना आणि नसताना, दोन्ही वेळा लेबल बरोबर छापलं जात होतं. मग तिने ती ओळ पुसली. एका माणसाचं नाव असं कोडच्या पोटात लिहून ठेवणं बरं नव्हतंच. नवी आवृत्ती सगळ्या कारखान्यांत गेली, आणि त्या संध्याकाळी तेजलला हलकं वाटलं.

पुढच्या आठवड्यात अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यातून फोन आला. भिंतीला लावायच्या रंगाची पूड तिथे बनायची. एका गावातल्या समाजमंदिराची भिंत निम्मी आकाशी झाली होती आणि निम्मी मोरपंखी. पोत्यांवर लेबलं सगळी आकाशीचीच होती. हरेशभाईंनी फोन ठेवला आणि तेजलला सगळं सांगितलं. ती पर्स उचलून निघाली.

एमआयडीसीत शेअर रिक्षाने ती पोहोचली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. कारखान्याच्या आवारात हवेतच रंग होता. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या तिरिपी आत येत होत्या आणि एकेका तिरिपीत वेगळीच पूड तरंगत होती, एकीत गुलाबी, एकीत निळी. माणसं त्यातून ये-जा करत होती आणि जाता जाता थोडी थोडी रंगत होती.

सुपरवायझर विनीत तरुण होता आणि वैतागलेला होता. "मॅडम, मशीन तुमची बरोबर असेल. बाईच चुकतायत. इतकी वर्षं नीट काम केलं, आता चार दिवस झाले, सगळं उलटंपालटं. वय झालं बहुतेक. उद्यापासून त्यांना पिंप धुवायला पाठवतोय."

"कोण बाई?"

"त्या काय, काशीबाई."

काट्यापाशी पाठमोरी एक बाई उभी होती. बाई वळली. पन्नाशी ओलांडलेली, कपाळावर मोठं कुंकू, आणि भुवयांत निळी पूड अडकलेली.

"तू कॉम्प्युटरवाली ना गो?" काशीबाई म्हणाल्या. "बघ तं जरा, हिला झाला काय ते."

त्यांनी पोतं काट्यावर सरकवलं. स्क्रीनवर नावं उमटली. काशीबाई पुढे वाकल्या आणि ओठ हलवत वाचायला लागल्या. "मो... मोर... मोरपं..." एकेक अक्षर त्या जणू हाताने चाचपून बघत होत्या. पंखी म्हणेपर्यंत स्क्रीन पुढे गेला होता. खर्र करून लेबल बाहेर आलं: आकाशी.

"बघितलास? अशी घाई करते आता. आधी नव्हती अशी."

तिच्या चाचण्यांना डोळे नव्हते. त्या क्षणात वाचायच्या आणि क्षणात उत्तर द्यायच्या. त्यांच्यासाठी थांबणं आणि न थांबणं सारखंच होतं.

"तुम्ही वाचायला कधी शिकलात, काशीबाई?" तिने हळूच विचारलं.

"हितंच की. शाळंत कुठं जायाला मिळाला मना? बाप मिठागरावर, आम्ही सगली पोरा त्याच्यामागं. हितं आल्यावर ही नावा बघून बघून शिकली. आधी पांढरा, मग पिवला. मोरपंखी लय दिवसांनी आला." त्या हसल्या. "मना वाटायचा, मशीनपण माज्यावानीच सावकाश वाचते. माजा झाला की तिचा झाला. दोघी संगतीनं वाचायचो. आता ती शिकून पुढं गेली, मी राहिली मागं."

हे त्या कुरकुरीच्या सुरात नव्हत्या बोलत. शेजारीण घर बदलून गेल्याचं सांगावं तसं सांगत होत्या. तेजलने विनीतला बाजूला घेऊन सांगितलं, "चूक बाईंची नाही. माझी आहे. दोन दिवस द्या, तोवर त्यांना इथून हलवू नका."

विनीत म्हणाला, "तोवर पोती कोण बघणार?" पण मग तोच काट्यापाशी उभा राहायला कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तेजल चौकशी करत धर्मराजच्या घरी गेली. बदलापूर गावाच्या पलीकडे, नदीच्या अंगाला त्याची छोटी रोपवाटिका होती. जांभळाच्या कलमांना तो झारीने पाणी घालत होता. प्रोग्रॅमचं नाव काढताच त्याचा चेहरा फुलला. कुठली फाइल कशासाठी होती, कुठल्या गिऱ्हाइकाने काय त्रास दिला, सगळं त्याला तोंडपाठ होतं.

"आणि काशीसाठी थांबायची ती ओळ?" तेजलने विचारलं.

"काशी?" धर्मराजने झारी खाली ठेवली. "कोण काशी?"

तिने रंगाचा कारखाना सांगितला, काटा सांगितला, ओठ हलवत वाचणारी बाई सांगितली. तो डोळे मिटून आठवायला लागला. कलमांच्या पानांवरून पाणी ओघळत होतं.

"नाही गं आठवत," तो शेवटी म्हणाला. "कारखान्यात गेलो असेन कधीतरी, तिला वाचताना बघितलं असेल. म्हणजे मीच लिहिलं असणार ते. पण खरंच नाही आठवत."

तेजल नदीकाठाने परत निघाली. ज्याने केलं त्याला आठवत नव्हतं, जिच्यासाठी केलं तिला माहीत नव्हतं, आणि मधली सगळी वर्षं ती ओळ तेवढी रोज काम करत राहिली होती. पाण्यावर कुणाची तरी होडी बांधलेली होती. कुणी नसताना ती आपली आपण हलत होती. तेजल तिच्याकडे बघत किती वेळ उभी होती, हे तिला सांगता आलं नसतं.

सोमवारी हरेशभाई म्हणाले, "पुरानी लाइन वापस डाल दे. दो मिनट का काम."

"दोन मिनिटांचंच आहे. म्हणूनच नको," तेजल म्हणाली. "उद्या माझ्या जागी दुसरं कोणी येईल आणि मी काढली तशीच काढून टाकेल. परत भिंती निम्म्या-निम्म्या रंगतील. आणि सावकाश वाचणाऱ्या काय एकट्या काशीबाईच आहेत?"

"मग?"

"मशीनने आपल्या मनाने काही छापायचंच नाही. माणसाने बोट लावलं की पुढे जायचं. ज्याला घाई आहे तो पटकन लावेल. नावापुढे त्या रंगाचा चौकोन दाखवू, अक्षरं मोठी करू. आणि हे असं का आहे, ते तिथेच लिहून ठेवू."

"कारखानेवाले चिल्लायेंगे. स्पीड कमी होईल."

"चुकीची पोती परत आणायला किती वेळ जातो, ते विचारा त्यांना."

हरेशभाईंनी विचारलं. खरंच फोन लावून विचारलं. दुसऱ्या बाजूचा आवाज बराच वेळ चालू होता. फोन ठेवून ते एवढंच म्हणाले, "कर."

तेजलने या वेळी चाचणी वेगळी लिहिली. तिच्या या नव्या चाचणीत एक माणूस होता जो स्क्रीनकडे बघत राहायचा, पुन्हा वाचायचा, बाजूच्याशी बोलायचा, मग बोट लावायचा. मशीन तोवर हललं, तर चाचणी नापास.

काम झाल्यावर ती स्वतः लॅपटॉप घेऊन कारखान्यात गेली. काशीबाईंनी पोतं ठेवलं, मोरपंखी शेवटपर्यंत वाचलं, शेजारचा चौकोन बघितला आणि बोट लावलं. लेबल मोरपंखी आलं. "आली परत माजी बाय," त्या म्हणाल्या. पलीकडे पोती उचलणारी गयाबाई नावाची बाईही मान पुढे काढून बघत होती. तिला लांबची अक्षरं दिसत नसत, आणि आजवर ती हे कुणाला बोलली नव्हती.

तेजलने काशीबाईंना बाकावर बसवलं आणि जुनी फाइल उघडून दाखवली. "हे बघा. इथे तुमचं नाव होतं. कुणीतरी मशीनला सांगून ठेवलं होतं, काशी असेल तर थांब."

काशीबाई वाकल्या. अक्षरं इंग्रजी होती. त्यांनी निळं बोट त्या पाच अक्षरांवरून, काचेला न लावता, सावकाश फिरवलं. "हा मी?"

"हो."

"कुनी लिवला?"

"धर्मराज म्हणून होते एक. त्यांना आता आठवत नाही."

"मनापन नाय आठवत," काशीबाई म्हणाल्या. आत पुडीचा निळा ढग उठला, दारातून वाहत बाहेर आला आणि दोघींच्या अंगावरून गेला.

"आता नाय तुज्या मशिनीत?"

"नाही. आता ती सगळ्यांसाठी थांबते."

"बेस झाला," काशीबाई म्हणाल्या, आणि पदराने भुवया पुसून पुढचं पोतं काट्यावर घ्यायला उठल्या.