वेस ते घंटाघर

ते साल एकोणीसशे ब्याण्णव. त्या वर्षी प्रेसने छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे वजनावर विकून टाकले, कॉम्प्युटर आणला, आणि चोवीस वर्षं खिळे जुळवणाऱ्या माणसाला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. घड्याळ समोरच्या भिंतीवर लागलं. नळीतून बघावं तसं त्याला सरळ समोरचं तेवढं दिसायचं. काटे दिसत, आकडे दिसत नसत.

घरात त्याला बारक्या म्हणत. वय सत्तेचाळीस, वजन नव्वद किलो, तरी बारक्याच. कारण त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी बहीण घरात होती आणि तिने ते नाव कधी सोडलं नाही. ती ताई. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायची. दोघांचीही लग्नं राहून गेली होती, आणि का राहिली असं विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मधे एक लांबलचक टेबल, बस.

त्या टेबलावर दर रविवारी दुपारी तीन वाजता बारक्याचं शहर उघडायचं.

नऊ वर्षांपूर्वी कुणा गिऱ्हाइकाने एका खेळाच्या नियमांची पातळ पुस्तिका प्रेसमध्ये छापायला टाकली होती आणि तो न्यायला आलाच नाही. बारक्याने ती घरी आणली. खेळ असा, की एकाने एक जग सांगायचं, बाकीच्यांनी एकेक सोंग घेऊन त्या जगात शिरायचं, आणि सोंगाने केलेलं साधलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. फासे वीस बाजूंचे हवे होते. ते कुठे मिळेनात, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कवळीवाल्याने दातांच्या कवळ्या करतात त्याच गुलाबी मसाल्यातून ओतून दिले. त्यातला एक दर खेपेला सतरावरच पडायचा. तो ज्याच्या वाट्याला येई तो त्या दिवशी शूर.

खेळायला कवळीवाला आणि शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. दोघंही बारक्याला मालक म्हणत, कारण शहर त्याचं.

आणि शहर होतंच तसं. समुद्र ज्याला सोडून गेला असं. दर वर्षी पाणी एक पायरी खाली सरकायचं आणि माणसं त्याच्यामागे एकेक पायरी खाली घरं बांधत जायची. सगळ्यात वर, कोरड्या कड्यावर, जुनं बंदर. तिथे श्रीमंत लोक न तरंगणाऱ्या गलबतांत राहत आणि रोज संध्याकाळी सवयीने नांगर तपासत. मधे शिडं शिवणाऱ्यांची गल्ली, जिथे शिडं कुणालाच नको होती म्हणून त्यांचे पडदे करून विकत. पाणी सरकलं की घंटाघरातली घंटा वाजायची आणि तळाशी राहणारी माणसं निमूटपणे गाठोडी बांधायला घेत. शहरात शिरताना वेशीवर एक शब्द ठेवून जावं लागे. बाहेर पडेपर्यंत तो शब्द तोंडातून काढायचा नाही, काढला की तुमचं सोंग पहारेकऱ्यांच्या हाती. बाईंनी एकदा ‘गप्प’ हा शब्द ठेवला आणि दोन तास नुसते ओठ आवळून बसल्या.

शहराला नाव नव्हतं. नऊ वर्षांत तिघांचं एका नावावर एकमत झालं नाही.

प्रेस सुटल्यावर बारक्या ताईला म्हणाला, “मला ते एकदा सबंध बघायचंय. डोक्यात आहे, पण एका कागदावर कधी पाहिलं नाही. नजर आहे तोवर काढून दे.”

“दिवसभर ऑफिसात नकाशे, आणि घरी येऊनही नकाशेच?”

“ते नळांचे. हा माझा.”

ताई दमलेली असायची. गुडघे दुखायचे, बसमध्ये उभं राहावं लागायचं. पण तिने टेबलावर कागद ताणून बसवला. फक्त तिची एक अट होती. खात्यात तिला शिकवणाऱ्या जुन्या साहेबांची ताकीद होती, की जी गल्ली कुणी चालून मोजली नाही ती कागदावर आणायची नाही. तीस वर्षं तिने ती पाळली होती, आणि आता भावासाठी मोडणार नव्हती.

“मग मला चालवून आण,” ती म्हणाली.

तसं ऑफिसातून आल्यावर रोज तासभर बारक्या तिला शहरातून चालवायचा आणि ती मोजणीच्या वहीत टिपून घ्यायची.

“वेशीतून आत आलो. पुढे?”

“बावीस पायऱ्या खाली.”

“मोजल्यास?”

“मोजायला कशाला लागतंय? माहीत आहे.”

“मग?”

“शिडाच्या गल्लीने एकशे चौदा पावलं. मग विहीर. तिथून उजवीकडे चढ.”

“थांब. वर गलबतांत राहतात त्यांना पाणी कोण चढवतं?”

“जादूगार.”

“रोज?”

“रोज.”

“त्यांना सुट्टी कधी?”

नऊ वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्याने जाहीर केलं, की मंगळवारी जादूगारांना सुट्टी आणि वरच्या बंदरात पाणी बंद. बाईंच्या सोंगाने, म्हणजे एका चोरणीने, लगेच मंगळवार गाठून पाणक्याच्या वेशात तीन गलबतं साफ केली. कवळीवाला म्हणाला, “ताईंनी मालकाला कामाला लावलं, आणि चोरणीला धंदा दिला.”

नकाशा वाढत गेला. ताईच्या हाताला ऑफिसचं एकच माप ठाऊक होतं, त्यामुळे शहरही त्याच मापात उतरलं. ऑगस्टमध्ये ऑफिसात तिच्या टेबलावर चौदा नंबरचा कागद आला. त्यांच्याच वस्तीच्या नळांचा नकाशा. कुठे तरी पाइप फुटला होता. पिशवीत बारक्याच्या शहराचा पातळ कागदावरचा कच्चा नकाशा होता. जेवणाच्या सुट्टीत काय मनात आलं कोण जाणे, तिने तो चौदा नंबरवर पसरला.

रेघेवर रेघ बसली.

वेस म्हणजे त्यांच्या घराचं दार. बावीस पायऱ्या म्हणजे त्यांचा जिना. शिडाची गल्ली म्हणजे बेकरीवाली गल्ली, विहीर म्हणजे कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ, आणि चढ चढून गेल्यावर जिथे घंटाघर होतं, तिथे प्रेस. शहरात तेल विकणाऱ्यांचा एक लंगडा म्होरक्या होता, तो तर सरळसरळ लंगडत चालणारा बेकरीवाला. नऊ वर्षं ही मंडळी तलवारी घेऊन बारक्याच्या कामावर जायच्या रस्त्याने जात होती.

प्रेमपत्र लपवावं तसा तिने तो कागद घडी करून पिशवीत टाकला. बारक्याला त्याचा पत्ताही नव्हता, हे तिला कळत होतं. आपण हे सगळं रचलंय, असं तो समजत होता. त्याच्यापाशी आपलं म्हणावं असं तेवढंच होतं. संध्याकाळी तिने नेहमीसारखी वही उघडली.

सप्टेंबरात बारक्या जिन्यात पडला. नवव्या पायरीवर कुणी तरी बादली ठेवली होती. लागलं फारसं नाही, पण चार दारं उघडली आणि चारी दारांतून “अरेरे” ऐकू आलं. ऑक्टोबर सरता सरता समोरची नळीही बुजली, काहीच दिसेना. मग तो बाहेर पडेनासाच झाला. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत. पांढऱ्या काठीने चालायचं शिकवायला एका संस्थेतली मुलगी दोनदा येऊन गेली. ती काठी त्याने दारामागच्या खिळ्याला अडकवून ठेवली. ताई सकाळी जेवण झाकून जायची आणि संध्याकाळी यावं तर ते तसंच झाकलेलं.

रविवारी कवळीवाला आणि बाई आल्या, तेव्हा टेबलावर काहीच मांडलेलं नव्हतं.

“शहर बंद आहे,” बारक्या म्हणाला.

“मालक, माझं सोंग महिनाभर विहिरीच्या दोराला लटकतंय. हात दुखले असतील बिचाऱ्याचे.”

“मेला तो. पडला आत.”

“फासे न टाकताच?” कवळीवाल्याला खरंच लागलं. उठून निघताना त्याने गुलाबी फासे मात्र टेबलावरच ठेवले.

बाई दारात ताईला हळूच म्हणाल्या, “तीस वर्षं पोरं बघतेय. रुसून बसलेला उठतो हो. पण हा घाबरलाय. याला नुसतं ऊठ म्हणून भागायचं नाही.”

ताईच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती. तिने मुदतीआधी नोकरी सोडण्याचा अर्ज लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. पंधरा दिवस तो पर्समध्येच राहिला. अर्ज दिला तर ती दिवसभर घरी असेल, त्याला वाढेल, आंघोळीचं पाणी काढून देईल. आणि मग तो त्या खुर्चीतून कधीच उठणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. उठवायचा एकच मार्ग तिला ठाऊक होता, आणि तोच तिला नको होता.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

“तुझ्या शहराबद्दल सांगायचंय. रागावशील.”

“काही चुकलं का?”

“काहीच नाही चुकलं. तेच तर.” आणि तिने सांगितलं. जिना, गल्ली, नळ, प्रेस. चौदा नंबरचा कागद.

त्याने बोटांनी टेबलाची कड चाचपली. मग म्हणाला, “म्हणजे मी काहीच रचलं नाही.”

“असं कुठे म्हटलं मी?”

“नऊ वर्षं. नऊ वर्षं नुसता कामावर जाऊन येत होतो. आणि तुला ऑगस्टपासून माहीत होतं? मजा वाटली असेल.”

“आपल्या गल्लीत समुद्र कुठाय रे? प्रेसवर घंटा कुठाय? पावलं रस्त्याची आहेत, बाकी तुझंच.”

“जा तू,” तो म्हणाला.

दोन दिवस तिने हाक मारली की तो पाठ फिरवायचा. जेवायचाही रागारागाने, पण जेवला. मंगळवारी ताई ऑफिसातून आली तेव्हा तो खुर्चीतच होता. पायात बूट होते. एकाची नाडी चुकीच्या भोकातून गेली होती.

“शिडाच्या गल्लीत किती लिहिलीस?”

“एकशे चौदा.”

“एकशे सोळा. बेकरीसमोर गटाराचं झाकण चुकवून जावं लागतं. इतकी वर्षं नकाशे काढतेस आणि झाकण विसरलीस?”

“तूच मला चौदा सांगितलंस.”

“शहरात झाकण नव्हतं. आता घाल.”

तिने खिळ्यावरची काठी काढून त्याच्या हातात दिली. दाराशी तो थबकला. हात चौकटीवर तसाच राहिला.

“ही वेस,” ताई म्हणाली. “शब्द ठेव.”

त्याने विचार केला. “ताई. हाच शब्द ठेवतो. नाहीतर पायरीपायरीला हाक मारीन.”

तो उतरायला लागला. ती चार पायऱ्या मागे. आठव्या पायरीवर काठीने नववी चाचपली, पुन्हा चाचपली. तिने कठडा घट्ट धरला होता, जणू पडणार होती तीच. मग तो उतरला. गल्लीत तो मोठ्याने मोजत होता. बेकरीवाल्याने हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा ताईने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. झाकण त्याने बरोबर चुकवलं. नळापाशी डावीकडे वळला, दोन पावलांवर थांबला, स्वतःशीच शिवी हासडली आणि उजवीकडे वळला. इथे त्याचे ओठ कुणाला तरी हाक मारायला हलले होते. हाक आली नाही.

चढावर ताईचे गुडघे बोलायला लागले. ती मागे पडली, वीस पावलं, मग चाळीस. पोचली तेव्हा तो प्रेसच्या पायरीवर बसला होता, लाल झालेला, धापा टाकत.

“कोण आहे?” त्याने विचारलं.

“वाटसरू.”

“बसा, वाटसरू. दमलेल्या दिसता.”

ती बसली. आतून खिळ्यांचा आवाज येत नव्हता, नुसतं कसलं तरी गुणगुणणं. धाप ओसरेपर्यंत दोघं बसली. मग तसंच मोजत परत. घराच्या दारात शिरल्या शिरल्या त्याने बूट झाडले आणि म्हणाला, “ताई, चहा टाक.”

अर्जाचा कागद तिने दुसऱ्या दिवशी पेन्सिलीला टोक काढताना खाली अंथरला.

नकाशा पुढच्या मार्चमध्ये पुरा झाला. बारक्याने तो पाहिला नाही. नकाशा घड्याळाखाली लागला, आणि शिडाच्या गल्लीत एक झाकण आलं. शहर आणखी बारा वर्षं दर रविवारी उघडलं, नुसतं डोक्यातून. बारक्या रोज सकाळी घंटाघरापर्यंत जाऊन यायचा. शेवटच्या वर्षी नळापर्यंतच. दोन हजार पाचमध्ये गेला, झोपेत.

कवळीवाल्याचं सोंग विहिरीतून वर आलं, सतरावर. तो म्हातारपणी मुलीकडे राहायला गेला आणि जाताना फासे ताईकडे ठेवून गेला. बाई निवृत्त झाल्या. त्यांची चोरीण शेवटी शहराची प्रमुख झाली आणि पहिल्याच दिवशी तिने वेशीवरचे सगळे शब्द ज्याचे त्याला परत केले. गेल्या वर्षी बाईही गेल्या. प्रेसची इमारत पाडली, तिथे बुटांचं दुकान आहे. बेकरी नातू चालवतो, तो लंगडत नाही.

ताईने नोकरीची तीन वर्षं पुरी केली. ती अजून त्याच दोन खोल्यांत आहे. बावीस पायऱ्या आता उतरवत नाहीत, म्हणून ती नकाशावरून बोटाने उतरते. हल्ली इमारतीत वरच्या मजल्यांना मंगळवारी पाणी येत नाही. शेजारची सून रागाने विचारत येते, तेव्हा ताई तिला सांगते, की वाट बघ गं, त्यांना आज सुट्टी असते.