सात तांबे पाणी

मित्रांनो, मी कुंभारी गावच्या सारजाबाईंच्या विहिरीवरचा जुना कॅन आहे. पाच लिटरचा, एके काळी पांढरा, आता उन्हाने पिवळा पडलेला. गेली अकरा वर्षे माझ्या मुठीला सुती दोरी बांधलेली आहे आणि खरे सांगायचे तर मी फार दमलो आहे. तेव्हा मी जरा सावकाश बोललो, तर रागावू नका.

माझा जन्म चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात झाला. माझ्यात करडईचे तेल भरले गेले. ते सारजाबाईंच्या घरी भाजीत संपले आणि माझ्या नशिबी लेकरांच्या पाठी आल्या. सारजाबाई उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना विहिरीत पोहायला शिकवतात. पाच वर्षांच्या लेकराला त्या खोल पाण्यात नेतच नाहीत. पायरीवर बसवून नुसते पाय मारायला आणि तोंडाने बुडबुडे काढायला लावतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या पाठीला मी. बारा-तेरा वर्षांच्यांना माझी लाज वाटते, म्हणून त्यांच्या कमरेला नुसती दोरी. थोरली माणसे मात्र शिकायला येत नाहीत. ती काठावर बसून शिकवायला येतात.

आता सारजाबाईंचे गुपित सांगतो. पहिल्या दिवशी त्या माझ्यात एक तांब्या पाणी ओततात. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. सातव्या दिवशी मी काठोकाठ भरतो. पाण्याने भरलेला कॅन कुणाला तारत नाही आणि बुडवतही नाही. म्हणजे लेकरू स्वतःच्या हातापायांवर पोहत असते आणि त्याला वाटते, कॅन तारतोय. संध्याकाळी त्या मला रिकामा करून उपडा वाळत घालतात, नाहीतर आत शेवाळ धरते. हे त्या मुलांना सांगत नाहीत आणि आईबापांना तर मुळीच नाही. म्हणतात, "आईबापाच्या तोंडावर समदं दिसतंय की. लेकरू लगीच वळखतंय."

अशा रीतीने मी कितीजणांना शिकवले! मुले जाताना मला थोपटायची. पण पाऊस लागला की मी गोठ्यात, आणि माझ्यावर कोंबडी बसायची. त्याचेही काही नाही. बसू दे.

यंदाच्या मे महिन्यात शहरातल्या जुळे सोलापूर भागातून गोपाळराव आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, संस्कृतीला, घेऊन आले. रोज सकाळी स्कूटरवरून यायचे. कॅन बांधायचे काम आईबापांचे. जड लागला तरी कुणी विचारत नाही; कॅन असाच असतो, असे त्यांना वाटते. सारजाबाई खालच्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असतात. लेकरू उतरले की गाठ तेवढी ओढून बघतात.

तिसऱ्या दिवशी गोपाळरावांनी मला उचलले आणि दचकले. "अरे, हा तर गळका दिसतोय!" असे पुटपुटत त्यांनी झाकण काढले आणि माझ्यातले पाणी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून दिले. झाकण करकचून लावले. म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून ते बोलले काहीच नाहीत. चौथ्या दिवशी तेच, पार सातव्या दिवसापर्यंत तेच. सारजाबाई मोजून ओतायच्या, गोपाळराव मायेने सांडायचे. मध्ये मी. मला तोंड आहे, पण ते झाकण लावायला. माझा जीव तुटत होता.

आठव्या दिवशी सारजाबाईंनी खालूनच हाक दिली, "आज कॅन नको. लई झ्याक पवतीया पोरगी. येऊ द्या तशीच!"

गोपाळराव काही बोलायच्या आत संस्कृतीने चौथ्या पायरीवरून मुटका मारला. वर आली, दोन हात मारले आणि पाठीवर मी नाही हे तिच्या अंगाला कळले. ती गटांगळ्या खाऊ लागली. सारजाबाईंनी झेप घेऊन तिची वेणी धरली. तेवढ्यात चष्म्यासकट, बुटासकट गोपाळरावांनीही उडी टाकली. त्यांना पोहता येत नव्हते.

सारजाबाईंनी पोरीला पायरीवर ढकलले आणि ओरडल्या, "कॅन टाक, कॅन!" खोकत, रडत ती पोर वर धावली. तिने मला उचलून पाण्यात भिरकावले. गोपाळरावांनी मला दोन्ही हातांनी अशी मिठी मारली की माझ्या कडेला चीर गेली. त्या दिवशी मी रिकामा होतो म्हणून बरे.

काठावर धापा टाकत गोपाळरावांनी रोज पाणी ओतून दिल्याचे सांगितले. सारजाबाई म्हणाल्या, "चूक माजी बी हाय. तुमास्नी सांगाया पायजे व्हतं, न्हायतर कॅन तरी उचलून बगाया पायजे व्हता. पर तुमाला पवायला येत न्हाय, तर उडी कशापायी टाकली?"

"ती बुडत होती की," गोपाळराव म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

"मग उद्यापास्नं दोगं बी या."

माझी चीर सारजाबाईंनी डांबर लावून बुजवली. संस्कृती पुढच्या आठ दिवसांत नीट शिकली. मग बेचाळीस वर्षांच्या गोपाळरावांची पाळी आली. आधी पायरीवर बसून बुडबुडे, मग मी. त्यांच्या वजनाला मी एकटा पुरेना, म्हणून सोबत एक नवा कॅन बांधला. आता बांधायचे काम लेकीकडे आणि पाणी ओतायचेही. गुपित ठाऊक असल्यामुळे ते पायरीवर पाण्यात पाठमोरे उभे राहून रोज भीतभीत विचारायचे, "आज किती गं?"

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरले नाहीत. डांबर सुटत चालले आहे. एवढेच मागतो, की मला किंवा माझ्यासारख्या कुणाला लेकराच्या पाठीला बांधाल, तेव्हा आधी हलवून बघा. आत पाणी लागले, तर ओतून देण्याआधी शिकवणाऱ्याला विचारा. आणि माझी चीर वाढली, की मला गोठ्यात सुखाने पडू द्या.

परवा सातव्या दिवशीही गोपाळरावांनी विचारले, "आज किती गं?"

"दोनच, बाबा," संस्कृती म्हणाली.

आम्ही दोन्ही कॅन गळ्यापर्यंत भरलेले होतो. गोपाळराव समोरच्या भिंतीपर्यंत पोहत गेले, भिंतीला हात लावून परत आले आणि पायरीवर बसून त्यांनी मला प्रेमाने थोपटले. मी काहीच केले नव्हते.