बाकीच्या एकसष्ट सुया

साकोलीच्या बाजारात कोशाच्या रेशमी कापडाचं दुकान चालवणाऱ्या वासुदेवरावांना आपल्या छातीचा भारी गर्व. ऐन जवानीत, सत्तर साली, त्यांना टीबी झाला होता. नागपुरात स्ट्रेप्टोमायसिनच्या नव्वद सुया घ्या म्हणून सांगितलं होतं. एकोणतीस घेतल्या, अंगावर मांस चढलं, तेवढ्यात लग्न जुळलं आणि गडी घरी परत. त्या सुयांपायी डावा कान कायमचा गेला, पण ही गोष्ट ते कोणाला सांगत नसत. गिऱ्हाईक साडी उलगडून बघत असलं की सुरू व्हायचे, "एकोणतीस सुयांत पळवली बिमारी! आजकालचे लोक सहा-सहा महिने गोळ्या खात बसतेत."

मग गेल्या पावसाळ्यात त्यांच्या सुनेला, कामिनीला, खोकला लागला. महिनाभर ताप उतरेना. सरकारी दवाखान्यात तपासलं तर टीबी.

"बपेऱ्याहून आणली हे बिमारी," वासुदेवरावांनी ओसरीवर बसून निकाल दिला. "आमच्या घरात असं काई नोहोतं." एवढं बोलून ते रुमालात खोकले. कामिनी बघत राहिली. लग्नाच्या नऊ वर्षांत ती माहेरी, बपेऱ्याला, सहा वेळा गेली असेल, आणि हा खोकला मात्र रोज पहाटे तिच्या भिंतीपलीकडून ऐकू यायचा. त्याला घरात 'तंबाखूचा' म्हणत.

सासूनं, रुखमिणीबाईनं, तिचं ताट-पेला वेगळा केला, नातवाला आपल्याजवळ निजवायला घेतलं आणि तिची बाज मागच्या खोलीत, सुताच्या गठ्ठ्यांजवळ टाकली. नवरा भुपेंद्र दारातूनच म्हणाला, "थोडे दिवस सांभाळून घे." छत्री उघडायची तरी बापाला विचारणारा माणूस, कामिनीला त्याच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती.

गोळ्या सुरू झाल्या तेव्हा लघवी नारिंगी-लाल झाली. ती एकटीच घाबरली, एकटीनंच आरोग्य कर्मचारी गुंजनला फोन केला. गुंजन म्हणाली, "औषधाचा रंग आहे वहिनी, भेऊ नका." तीन आठवड्यांत ताप गेला, भूक लागायला लागली. आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही, असं पुढच्या महिन्यात डॉक्टरनं स्वतः भुपेंद्रला सांगितलं. बाज मात्र मागच्याच खोलीत राहिली.

मग गुंजन घरच्या सगळ्यांच्या तपासणीला आली. रुखमिणीबाई नातवाला घेऊन तयार झाली, भुपेंद्रही झाला. वासुदेवराव दुकानात होते, गुंजन तिथं गेली. कामिनीही मागोमाग गेली.

"मले कायले पाहिजे?" दोन गिऱ्हाइकांसमोर ते गरजले. "माहा टीबी तं सत्तर सालीच मेला. एकोणतीस सुया घेतल्या होत्या मी!"

कामिनी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली, चांगल्या कानाच्या.

"मामाजी, नव्वद सांगितल्या होत्या ना? मंग बाकीच्या एकसष्ट कुठं गेल्या?"

एक गिऱ्हाईक बाई तोंडावर पदर घेऊन हसली. वासुदेवरावांच्या मानेची शीर फुगली. "आण वो ते डबी!" ते गुंजनवर ओरडले. "आत्ता देतो बेडका. हिचं तोंड बंद होऊ दे."

चौथ्या दिवशी निकाल आला. बाकी सगळे स्वच्छ निघाले, वासुदेवरावांना मात्र टीबी होता. छातीच्या फोटोत जुने डाग होते, त्यांच्या बाजूला नवे. कोणाकडून कोणाला लागला हे छातीठोक सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण आजोबांचा खोकला कितीक वर्षांचा आहे, असंही त्यांनी विचारलं. ओसरीवर त्या दिवशी कोणी निकाल दिला नाही. रुखमिणीबाईनं नवऱ्याचं ताट वेगळं केलं नाही. कामिनीनं तेही पाहून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी न्हाणीतून आरोळी आली, "मेलो! रक्त जाऊन राह्यलं!" सगळं घर धावलं. कामिनी सावकाश उठली. "औषधाचा रंग आहे," ती म्हणाली. "मलेही झालता. तवा कोणी धावलं नोहोतं."

दोन महिन्यांनी म्हातारा टुणटुणीत झाला आणि गोळ्यांचं पाकीट त्यानं बाजूला सारलं. "झालो मी ठीक."

"एकदा असेच ठीक झालते तुमी," कामिनी म्हणाली. "आता कोणाले देता? नातू आहे, बायको आहे. सांगा, म्हणजे त्यायले तयार करून ठेवते."

वासुदेवरावांनी तिच्याकडे बघितलं नाही. गोळ्या गिळल्या आणि तिनं सांगितल्यावर तोंड उघडून दाखवलं.

माघात कामिनीचे सहा महिने पुरे झाले, तपासणी स्वच्छ आली. तिनं मुलाला घेतलं, बॅग भरली, आणि सासऱ्याच्या गोळ्यांचं पाकीट भुपेंद्रच्या हातात ठेवलं.

"बपेऱ्याले चालली मी."

"कवा येशील?"

"मामाजीच्या गोळ्या संपल्यावर. रोज तुमच्या हातानं द्या. एक दिवस चुकला तं गुंजन मले सांगते."

भुपेंद्र बापाच्या खोलीकडे बघायला लागला.

"तिकडं काय पाह्यता?" ती म्हणाली. "त्यायले नोका विचारू. त्यायले फक्त द्या."

त्यानं दिल्या. दीड महिना, एक दिवस न चुकता. वासुदेवराव बरे झाले, आणि भुपेंद्र बापाला न विचारता बपेऱ्याला तिला आणायला गेला. माफी कोणी मागितली नाही. कामिनी घरी येताच आपली बाज उचलून पुढच्या खोलीत टाकून मोकळी झाली.