नाव नसलेली स्लाइड

कोरेगावची माया कांबळे शहाण्णव साली सांगलीच्या एका दवाखान्यात प्रयोगशाळेत कामाला लागली. तिला काम शिकवलं चांदसाहेब मुलाणींनी. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला माणूस. हाडाच्या मज्जेतली मूळ पेशी वाढत वाढत पांढरी पेशी व्हायला लागली, की तिच्यात एक एन्झाइम तयार होतं. रंग दिला की त्याचे तपकिरी कण दिसतात, हे त्यांनीच तिला दाखवलं.

“कण दिसलं की पेशी कामाला लागली म्हणायची. न्हाई दिसलं तर कच्ची ऱ्हायली. कच्च्यांचीच गर्दी झाली, की समजायचं ब्लड कॅन्सर.”

श्रावणात एका सकाळी त्यांनी एक स्लाइड तिच्यापुढं सरकवली. चिठ्ठीवर नाव नव्हतं.

“वाच बरं. मी बोलनार न्हाई.”

चाचा परीक्षा घेतायत म्हणून माया हरखली. तिनं शंभर पेशी मोजल्या.

“नव्वद कच्च्या, चाचा. कण दिसतात ते दहांतच.” आणि जमल्याच्या आनंदात बोलून गेली, “ह्यो गडी काय दिवाळी बगत न्हाई!”

चांदसाहेब हसले.

“मलाबी नव्वदच आल्या. म्हटलं, आपलंच रगत, नजर फसायची. म्हणून तुला दावलं.”

मायाला आधी कळलंच नाही. मग त्यांच्या बाहीखालचे काळेनिळे डाग दिसले आणि तिचे डोळे भरले.

“रडू नगं. बराबर वाचलंस,” म्हणत त्यांनी पुढची स्लाइड उचलली.

उपचारासाठी मुंबईला जायला ते कबूल झाले नाहीत. पंधरवड्यात म्हसवडला, आपल्या गावी गेले. दोन रविवार माया स्टँडवर जाऊन परत फिरली. तिसऱ्या रविवारी एसटीत बसली.

चाचा भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यांची बायको खातूनबी कानाशी वाकली.

“आवं, माया आलीया सांगलीसनं.”

डोळे उघडले, पण ओळख पटली नाही.

“चाचा, मी चुकले,” माया म्हणाली.

“काय चुकलीस गं?” खातूनबी म्हणाली. “ह्ये तर समद्यांस्नी सांगायचे, पोरगी माज्यापरीस चांगलं वाचती.”

आपण दिवाळीचं काय बोललो होतो, ते तिला सांगायचं मायाचं धाडस झालं नाही.

मंगळवारी दवाखान्यात चाचा गेल्याचा फोन आला. सगळे मातीला निघाले. तपासण्या कोण करणार, म्हणून माया मागं राहिली, आणि गाडी फाटकाबाहेर पडल्यावर प्रयोगशाळेचं दार लावून जमिनीवर बसून हमसून हमसून रडली.