लाल दाराचा चौक

टेलरमास्तरांचं दुकान चौकात सत्तावीस वर्षं होतं. पण समोरच्या सलूनवाल्याने दार लाल रंगवलं आणि वर्षभरात बसचा कंडक्टरही 'लाल दार, लाल दार' ओरडू लागला. मास्तरांचा नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी मागच्या गल्लीतून आलेल्या म्हाताऱ्याने त्यांना विचारलं, "लाल दाराचा चौक कुठे हो?"

"वाचनालयाच्या पुढे," मास्तरांनी खुशाल उलटीकडे बोट दाखवलं.

तासाभराने म्हातारा घामाघूम होऊन चौकात पोचला. सलूनवाला धावतच बाहेर आला. "बाबा! होतात कुठे इतका वेळ?"

म्हाताऱ्याने एकदा मास्तरांकडे पाहिलं. "चुकलो रे. दाखव बघू तुझं दुकान."

मास्तर शरमले. तरी मनात सलत राहिलं, आपलं दुकान बघायला वडील कधी आलेच नाहीत.